आसनाआधी जागा

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की तिसगाव येते. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचे हे बाजाराचे गाव नाथपंथाच्या ऐन मुलखात वसले आहे. जवळच मढी, जिथे कानिफनाथांची समाधी आहे. गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वर, जिथे शंकर म्हाताऱ्याच्या रूपाने आला अशी नाथांची कथा सांगतात. पाथर्डीच्या पलीकडे मोहटादेवीचा गड. आणि याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरची आपली टीका सांगितली. ज्ञानेश्वर स्वतः नाथपरंपरेतले. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आलेली ती विद्या होती. म्हणून ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याने बसावे कसे, टाच कुठे टेकवावी, शिवणीचा भाग कसा दाबून वर ओढावा, कणा कसा उभा ठेवावा, याचे बारीक वर्णन येते.

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंविषयी मराठीत सव्वासातशे वर्षांपूर्वी बोलले गेले आहे, असा याचा अर्थ. या स्नायूंची सर्वांत जास्त गरज कोणाला पडते? एकांतात ध्यान लावणाऱ्या योग्याला पडत असेलही. पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ती नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला पडते.

तिसगावच्या पंचक्रोशीत, पाथर्डी तालुक्यात आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात बायका हे स्नायू सैल पडल्याने होणाऱ्या दुखण्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. नवऱ्याजवळ बोलायची सोय नसते, सासूजवळ बोलले तर तिलाही तेच असते. कंबर धरते, ओटीपोटात ओढ लागते, खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, लघवी आवरत नाही. दिवस मावळताना त्रास वाढतो आणि रात्री पाठ टेकली की कमी होतो. म्हणून सकाळी उठताना बाईला वाटते, आज बरे आहे. दुपारपर्यंत पुन्हा तेच.

शरीरात घडते ते असे. पुढे जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंचा आणि तंतूंचा एक पडदा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देण्याचे काम त्याचे. प्रसूतीत हा पडदा त्याच्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो. कधी स्नायू हाडापासून सुटतो, कधी नस दुखावते. बहुतेक जणींच्या बाबतीत काही महिन्यांत बरीचशी ताकद परत येते. पण लवकर लवकर झालेली बाळंतपणे, लांबलेली कळ, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि सर्वांत मुख्य म्हणजे जड ओझे उचलणे, यांनी हा आधार सैल होत जातो. मग वरचा अवयव खाली सरकतो. सुरुवातीला तो आतच असतो; पुढे खोकताना, जोर करताना दाराशी येतो; शेवटच्या टप्प्यात पूर्ण बाहेर पडतो.

आता आसनाचा संबंध. माणसाचे ओटीपोट म्हणजे बुडाला भोक असलेले उभे मडके आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे असते तर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईचे अंग खाली यायला हवे होते. प्रत्यक्षात सरळ उभ्या माणसाचा कटिबंध चांगलाच पुढे कललेला असतो. कमरेची नैसर्गिक कमान शाबूत असेल तर पोटातल्या अवयवांचा भार मोठ्या प्रमाणात पुढच्या हाडावर आणि पोटाच्या भिंतीवर जातो, थेट योनिमार्गावर पडत नाही. पाठीला पोक काढून, माकडहाड आत घेऊन बसले की ही रचना बिघडते. श्वास कोंडून जड वस्तू उचलली की पोटातला दाब वाढतो आणि तो खालच्या पडद्यावर आदळतो. कमरेची कमान सपाट झालेल्या स्त्रियांमध्ये ही तक्रार जास्त दिसते, असे काही अभ्यासांत आढळलेही आहे. म्हणून बाळंतपणानंतर उभे कसे राहावे, मूल कडेवर कसे घ्यावे, वाकावे कुठून, श्वास कधी सोडावा, याकडे लक्ष दिले तर त्रास आटोक्यात राहू शकतो, अशा विचाराला आज जगभर मोठा अनुयायीवर्ग आहे.

त्याला पुरावा किती? स्नायूंच्या व्यायामाचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लिहिले आणि त्यांचे नाव त्याला चिकटले. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शिकवणाऱ्याच्या हाताखाली वैयक्तिक व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा त्रास वर्षभरात इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. नुसती बसण्या-उभे राहण्याची ढब बदलून खाली आलेला अवयव कायमचा वर जातो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामानेही आत जात नाही. तिथे आधाराची कडी, म्हणजे पेसरी, किंवा शस्त्रक्रिया लागते.

लोणावळ्याने या प्रश्नाला एक वेगळे टोक जोडले आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम उभारले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमके काय होते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासले. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाखवले. त्या पोकळीला आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी माधवदास पोकळी म्हटले. सुमारे साठ वर्षांनी बेल्जियमच्या मार्सेल कॉफ्रीझ यांनी बाळंतिणींसाठी जी पोट आत ओढण्याची पद्धत आखली, ती उड्डियानाशी फार मिळतीजुळती आहे. अंग खाली आलेल्या स्त्रियांवर तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ती साध्या स्नायू-व्यायामाहून सरस ठरली नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी कुवलयानंदांचे नाव घेताना हेही सांगायला हवे. त्यांनी स्वतः दाबमापक हातात घेतले होते ते खरे काय आणि खोटे काय हे कळावे म्हणूनच.

इथपर्यंत वैद्यकाचे झाले. खरा पेच पुढे आहे आणि तो धर्माच्या अंगणात येतो. शरीर दुखते तेव्हा ते सोसायचे, सावरायचे की कोणाकडे तरी त्याची दाद मागायची? आणि सावरायचे असेल तर ते काम एकट्या बाईचे का?

पहिले उत्तर गावोगाव तयार असते: भोग. मागच्या जन्मीचे काहीतरी असेल, बाईचा जन्म म्हटला की हे आलेच. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते. आईचे तर केव्हाच लिहून झालेले असते. या उत्तराला शास्त्राचा आधार शोधणारे गीतेच्या दुसऱ्या अध्यायाकडे जातात. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सहन कर, असा तिथला उपदेश आहे. पण तो कोणाला आणि कशासाठी केला आहे ते पाहिले पाहिजे. अर्जुन खाली बसला होता आणि त्याला उभे करायचे होते. सहन कर म्हणजे कामाला लाग, एवढाच त्या ठिकाणी अर्थ निघतो. ज्यावर इलाज आहे ते दुखणे आयुष्यभर लपवून ठेव, असा अर्थ त्यातून ओढून काढावा लागतो.

आयुर्वेदही भोगाची बाजू फारशी घेत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात स्त्रियांच्या वीस व्याधी सांगितल्या आहेत, त्यांत महायोनि नावाची अवस्था या दुखण्याशी जुळते. या सगळ्या व्याधींची चार कारणे ग्रंथ देतो: आहार-विहारातली चूक, पाळीतला दोष, बीजातला दोष आणि शेवटी दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते रांगेत चौथे उभे आहे. महायोनीचे कारण सांगताना तर ग्रंथकार विषम आणि त्रासाच्या शय्येवरच्या संगाकडे बोट दाखवतो, म्हणजे बाईच्या पूर्वजन्माकडे न पाहता तिच्या या जन्मातल्या अंथरुणाकडे पाहतो. उपायही तसेच हाताशी असलेले: तेल, शेक, सरकलेला भाग हाताने पुन्हा जागेवर बसवणे, वरून बंध. पापक्षालनाची भाषा तिथे नाही.

भोगाच्या आड आणखी एक गोष्ट उभी असते, विटाळ. अंगावरून सतत पांढरे किंवा लाल जाणारी बाई देवघरापासून आपणहून दूर राहते. आजार सांगावा तर तो जागा सांगितल्याशिवाय सांगता येत नाही आणि त्या जागेचे नाव घेणेच अमंगळ. चोखोबांच्या सोयराबाईंनी या विचाराला चौदाव्या शतकातच उलट प्रश्न केला होता. विटाळावाचून कोणता देह जन्माला आला ते दाखवा, असा त्यांच्या त्या प्रसिद्ध अभंगाचा रोख. तो अभंग आजही कीर्तनातून गायला जातो. ऐकणाऱ्या बायकांना डॉक्टरांपुढे तोंड उघडण्याचे बळ त्यातून मिळाले असे मात्र दिसत नाही.

किती बायका गप्प राहतात याचा अंदाज महाराष्ट्रातूनच जगाला आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोपर्यंत गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारी कागदावर मोजले जात होते.

दुसरे उत्तर हठयोगाचे. मढीच्या समाधीपुढे डोके टेकवणाऱ्यांना ते परके नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त मूलबंध आणि उड्डियान यांचे मोठे माहात्म्य आहे. अपानवायूचा स्वभाव खाली जाण्याचा; त्याला तळापासून आवळून वर वळवायचे, म्हणजे म्हातारासुद्धा तरुण होतो, असे हा पंथ मानतो. देह मिथ्या म्हणून टाकून देणाऱ्यांपैकी नाथ नव्हेत. देह शिजवून पक्का करावा, त्यातच सिद्धी मिळवावी, असे ते म्हणतात. दुखऱ्या शरीराकडे पाहण्याची ही भूमिका भोगापेक्षा कितीतरी उमदी आहे. नशिबाच्या जागी ती सराव आणते.

मात्र हा सराव रचला गेला तो मुख्यतः संसार सोडलेल्या पुरुषासाठी. त्याचा अपान वर वळवायचा तो मोक्षासाठी. बाळंतिणीच्या बाबतीत हाच अपान मूल बाहेर आणतो, असे आयुर्वेद सांगतो. त्याच्या खाली जाण्यावरच वंश चालतो. ज्या शक्तीला साधूने उलटे फिरवायचे, ती बाईने आधी पूर्ण वापरायची आणि मग पुन्हा आवळून धरायची. तिच्यासाठी वेगळा विधी कोणी लिहिला नाही. विसाव्या शतकात पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात गर्भाशय सरकल्यास कोणती आसने करावीत याची यादी दिली, त्यात बाईचे दुखणे नाव घेऊन आले.

हठयोगाच्या या उत्तराला आधुनिक काळात एक गोड आणि एक कडू बाजू आहे. गोड बाजू अशी, की आसन कोणी विकू शकत नाही. अमेरिकेत योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीने हजारो स्त्रियांना जन्माचे दुखणे दिले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या विकारासाठी तिची विक्री थांबवायला लावली. त्यानंतर आपल्या श्वासावर आणि कण्यावर विश्वास ठेवावासा वाटणाऱ्या बायकांना वेडे म्हणता येणार नाही. कडू बाजू अशी, की गुण आला नाही तर दोष बाईकडेच येतो. तू नीट बसली नाहीस, नेमाने केले नाहीस, श्वास चुकवलास. पूर्वी दोष मागच्या जन्मातल्या वागण्याचा होता, आता या जन्मातल्या बसण्याचा. कर्मसिद्धांत गेला असे वाटते, तो फक्त कपडे बदलून परत येतो.

आणि तिसगावच्या भोवतालचे चित्र समोर ठेवले तर हा दोष किती अन्यायाचा आहे ते कळते. पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. दसरा झाला की इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाच्या पट्ट्यात उतरतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची म्हणून खाडा परवडत नाही. दोघांपैकी एक जण कामाला आला नाही तरी पैसे कापले जातात. बाई वाकून ऊस तोडते, वाढे साळते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. मोळीचे वजन कित्येकदा तीस किलोंच्या वर जाते. पोटात मूल असताना हे काम चालते आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना होण्याची वाट पाहिली जातेच असे नाही. मूल फडाच्या बांधाला, सावलीला झोपलेले असते.

घरात बाळंतीण असली की बाज, शेगडी, शेक, पोटाला पट्टा, डिंकाचे लाडू, सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, ही मराठी रीत. त्यातल्या काही गोष्टी विटाळाच्या कल्पनेतून आल्या, काही अनुभवातून. पण उठबस कमी, ओझे बंद आणि पाठ टेकलेली, या तीन गोष्टी ताणलेल्या पडद्याला हव्याच असतात. उसाच्या फडात विटाळ पाळला जात नाही आणि विश्रांतीही नाही. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कोयत्याला ती लागू होत नाही.

मग तिसरे उत्तर पुढे येते, तेही फडाच्याच तर्काने. त्रास होतोय ना, पिशवीच काढून टाक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहात एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. अंग खाली येणे हे त्या शस्त्रक्रियांमागचे एकमेव कारण नव्हते. पांढरे जाणे, ओटीपोटाचे दुखणे, कर्करोगाची घातलेली भीती, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, सगळे त्यात होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

इथे एका मुंबईकर परंपरेची आठवण करून द्यायला हवी. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यामुळे जगात ओळखले जातात. पण खाली आलेले गर्भाशय न काढता, पट्टीने मागच्या कण्याच्या हाडाला टांगून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतल्याच पडद्याची पट्टी घेऊन गर्भाशयाला पुढून आधार देण्याची रीत काढली. या दोघांपुढे येणाऱ्या रुग्ण स्त्रिया तरुण होत्या, काहींना अजून मुले हवी होती. अवयव वाया गेला असे न मानता त्याला पुन्हा जागा मिळवून देणे, ही त्या शस्त्रक्रियांमागची भूमिका. म्हणजे ‘काढून टाक’ हा एकच मार्ग होता असे म्हणायला महाराष्ट्राला तोंड नाही. दुसरे मार्ग इथल्याच माणसांनी जगाला दिले होते.

भोग, सराव आणि शस्त्र. तिन्ही उत्तरे बाईच्या शरीरावरच थांबतात. पहिले तिला सोसायला सांगते, दुसरे सावरायला, तिसरे कापायला. मोळीचे वजन तिघांपैकी कोणीच विचारत नाही.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय या ठिकाणी पुन्हा उघडावा. टाच, शिवण आणि कणा यांचे वर्णन तिथे एकदम सुरू होत नाही. आधी जागेचे वर्णन येते आणि ज्ञानेश्वर त्यात चांगलेच रमतात. जागा अशी हवी की बसल्यावर उठावेसे वाटू नये. जवळ गोड पाणी हवे, झाडे हवीत, मंद वारा हवा, गडबड नको. श्रद्धा नसलेल्यालाही तिथे तप करावेसे वाटावे आणि विलासी राजाला राज्य सोडून तिथेच राहावेसे वाटावे. मग तिथे बैठक कशी घालायची, ती फार उंच नको आणि फार खालीही नको, हे येते. शरीराला हात घातला जातो तो यानंतर. मूळ गीतेतही क्रम हाच आहे. पुढे त्याच अध्यायात खाण्याला, झोपेला, हिंडण्याला आणि कामालाही माप असेल तरच योग दुःख हरतो, असे सांगितले आहे. म्हणजे बेसुमार काम करणाऱ्याला आसन फळत नाही, हे आसनाच्या ग्रंथानेच मान्य केलेले आहे.

हा क्रम नुसता साहित्यिक सजावटीचा भाग मानून आपण पुढे जातो. बाळंतिणीला आसन शिकवणाऱ्यांनी तो नियम म्हणून वाचला तर बरेच काही बदलते. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोपीत राहणाऱ्या बाईला ना गोड पाणी जवळ, ना संडास, ना दार. उघड्यावर जावे लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते, त्यातून बद्धकोष्ठ होते, जोर करावा लागतो आणि तो जोर पुन्हा त्याच पडद्यावर पडतो. तिला कमरेची कमान राखायला सांगणे चुकीचे नाही, पण ग्रंथाचा पहिला अर्धा भाग फाडून दुसरा तिच्या हातात देण्यासारखे आहे. जागा पुरवण्याची जबाबदारी साधकाची एकट्याची नव्हे, हे परंपरेला ठाऊक होते. मठ, धर्मशाळा, अन्नछत्रे समाजाने बांधली ती त्यासाठीच. संन्यासी बसावा म्हणून गावाने जागा दिली. बाळंतीण टेकावी म्हणून कोणी द्यायची, हा प्रश्न धर्मशास्त्राने घरातल्या सासूवर सोपवला. जिथे घरच सहा महिने बैलगाडीवर असते तिथे तो कोणाकडेच राहिला नाही.

वारकऱ्यांकडे याचे एक उत्तर आहे, पण ते आपण फक्त गाण्यापुरते वापरतो. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे, सगळे तिच्या वाट्याला. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिला सहन कर म्हणत नाही, नीट कसे बसावे हेही शिकवत नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात घालतो आणि तिच्याबरोबर दळतो, शेण्या गोळा करतो. भक्तीच्या या कल्पनेत देवाची करुणा प्रवचनाच्या रूपाने येत नाही, ती वजन वाटून घेते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे फार मोठे विधान आहे, कारण दुःखाचे कारण दुखणाऱ्याच्या आत शोधण्याची सवय ते मोडते. जनीच्या पाठीत दोष नव्हता. दळण जास्त होते.

आधुनिक कायद्यानेही एका ठिकाणी हाच विचार केला. नेपाळात डोंगरउतारावर लाकूडफाटा आणि पाणी वाहणाऱ्या बायकांमध्ये हे दुखणे फार मोठ्या प्रमाणावर आहे. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्त्रियांच्या प्रजननविषयक हक्कांचे उल्लंघन ठरवले आणि सरकारला कायदा करायला सांगितले. एका अवयवाच्या घसरण्याकडे न्यायालयाने राज्यघटनेच्या नजरेने पाहिले. अंग बाहेर येते ते एकेका बाईचे, पण शेकडो जणींचे येते तेव्हा त्यामागे कोणीतरी चढवलेले ओझे असते, हे त्या निकालाने धरून चालले.

याचा अर्थ सरावाला किंमत नाही असा होत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यांतच ओटीपोटाचा तळ हळूच आवळून सोडायला शिकणे, मूल उचलताना श्वास सोडत उचलणे, मांडीवर घेऊन पाजताना पाठीला आधार घेणे, शौचाला जोर न करणे, दुपारी थोडा वेळ आडवे होणे, या गोष्टी फुकट आहेत आणि उपयोगी आहेत. खाली काही जाणवत असेल, लघवी अडकत असेल किंवा रक्त जात असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवणे हाही त्याच सरावाचा भाग धरावा. कडी बसवून घेतली तर पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेवाचून वर्षे काढता येतात. अंगणवाडीत बसून आशाताई हे शिकवू शकतात. मूलबंध म्हटले तर मढीच्या वाटेवरच्या बाईला ते कदाचित केगेलपेक्षा जवळचेही वाटेल.

पण शिकवणाऱ्याने मागे वळून मुकादमाकडेही पाहायला हवे. ऊसतोड महिलांची तोडणीला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, अशी शिफारस गोऱ्हे समितीने केली होती. तपासणीत दुखणे सापडेल, मोळी मात्र तेवढ्याच वजनाची राहील. नगर हा सहकारी साखर कारखानदारीचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला तो प्रवरेच्याच पट्ट्यात, १९५० च्या सुमारास. या कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात आणि सभेला येणाऱ्या सभासदांत माळकरी कमी नसतात. दसऱ्याला मोहटादेवीची ओटी भरून टोळ्या निघतात तेव्हा मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल लिहिली जाते. कोयत्यातली बाई बाळंत होऊन किती महिने झाले, याचा एक रकाना त्याच वहीत असावा, सहा महिने तिने मोळी चढवू नये, तिचा खाडा कापला जाऊ नये आणि तळावर संडास असावा, हा ठराव एखाद्या सभासदाने मांडायचा म्हटले तर त्याला अनुमोदक किती मिळतील?